नैसर्गिक उपायांनी वजन उतरवायचंय? आधी संध्याकाळच्या सहाची भूक सांभाळा

कांदिवलीच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वय 42, उंची 155 सेंटीमीटर, वजन 74 किलो. नोकरी फोर्टला. पावणेआठची लोकल, घरी पोचेपर्यंत रात्रीचे आठ. तीन महिने रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतलं, नाश्ता बंद केला, भात सोडला, ऑनलाइन मागवलेली एक हर्बल पावडर घेतली. चार किलो उतरले आणि दिवाळीपर्यंत पाच परत आले. आईला मधुमेह आहे. इंजेक्शनं-गोळ्या नकोत, काही नैसर्गिक उपाय सांगा. आणि शेवटी सहज लिहिलेली एक ओळ: चौदा वर्षांची मुलगीही हल्ली माझं बघून रात्रीचं जेवण टाळते.

ताई, मी वैद्य आहे आणि लालबाग-परळ भागात बरीच वर्षं प्रॅक्टिस करते आहे. तुमच्यासारखा दिनक्रम असलेल्या बायका माझ्याकडे रोज येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचा प्रश्न 'काय घेऊ' असा आहे. मला मात्र तुमच्या दिवसातली दुपारी एक ते रात्री पावणेदहा ही वेळ जास्त महत्त्वाची वाटते. त्या पावणेनऊ तासांत तुम्ही नीट असं काहीच जेवत नाही, आणि तुमचं वजन तिथेच अडकलंय.

आधी आकडे बघू. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, 30.8 येतो. भारतीयांसाठी 23 च्या वर जास्त वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात. कंबर बायकांची 80 सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषांची 90 च्या आत असावी. पाश्चात्त्यांपेक्षा आपली मर्यादा कमी ठेवण्यामागे कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन या दोघांचं छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. दोघांचाही बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! म्हणजे त्याच वजनात आपल्या अंगात चरबी जास्त असते आणि ती पोटाभोवती साठते. म्हणून काट्याइतकंच टेपकडेही लक्ष द्या. महिन्यातून एकदा, सकाळी, श्वास सोडून, बेंबीच्या पातळीला कंबर मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सहा महिन्यांत चार-पाच किलो एवढंच ध्येय ठेवा. हे कमी वाटेल, पण आईला मधुमेह असलेल्या बाईसाठी एवढ्यानेही मोठा फरक पडतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना फक्त आहार आणि चालणं यावर ठेवलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी कमी झालं, आणि तेही वजन फारसं न उतरता. काटा हलला नाही तरी आत काहीतरी सुधारत असतं, हे त्यामुळे लक्षात ठेवा. बायका धीर सोडतात त्या नेमक्या याच टप्प्यावर.

आता तुमचा दिवस. सकाळी चहा, सोबत दोन बिस्किटं. एक वाजता डबा: चार पोळ्या आणि बटाट्याची किंवा भेंडीची भाजी. चारला ऑफिसचा चहा. सहाला भूक पोटात कालवते, तेव्हा ऑफिसखालचा सामोसा नाहीतर चर्चगेटला गाडी पकडण्याआधी वडापाव, आणि काहीच मिळालं नाही तर लोकलच्या डब्यात मैत्रिणींनी फिरवलेली चकली-शेव. आठला घरी. कुकर लावताना, पोळ्या लाटताना ओट्याशी उभ्या उभ्या मूठभर चिवडा, मुलीच्या ताटातला उरलेला घास. पावणेदहाला जेवण. आवराआवर, मोबाइल, झोपायला बारा. उठायला साडेपाच.

हे सगळं तुम्ही लिहिलेलं नाही, पण फार चुकलं नसेल. "मी एवढं कमी खाते तरी वजन का उतरत नाही" असं विचारणारी बाई खोटं बोलत नसते. तिला ताटातलं आठवतं, ओट्याशी खाल्लेलं आठवत नाही. आणि सकाळी नाश्ता बंद केला की ही संध्याकाळची भूक आणखी धारदार होते. काही लोकांना नाश्ता टाळणं मानवतं. ज्यांचं रात्रीचं जेवण सातला होतं त्यांना. तुमचं पावणेदहाला होतं.

तुमची भूक ही काही इच्छाशक्तीची उणीव नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या 21व्या अध्यायात अतिस्थूल माणसाचं वर्णन आहे, आणि त्यात एक गोष्ट फार नेमकी सांगितली आहे: अशा माणसाचा अग्नी प्रखर असतो, खाल्लेलं लवकर पचतं, पुन्हा खावंसं वाटतं, आणि जेवणाची वेळ टळली तर त्याला जास्त त्रास होतो. उपायाचं सूत्रही तिथेच आहे: अन्न पचायला जड हवं, पण मेद वाढवणारं नको. उदाहरणं दिली आहेत ती जव, मूग, कुळीथ यांची. आजच्या भाषेत बोलायचं तर भरपूर चोथा आणि प्रथिनं, कमी तेल-साखर. उपाशी राहा असं तो अध्याय म्हणत नाही.

बॉस्टनमध्ये 2022 साली झालेला एक छोटा, पण काटेकोर प्रयोग हेच सांगतो. तेच लोक, तेच अन्न, फक्त वेळ चार तासांनी पुढे ढकललेली. उशिरा जेवल्यावर त्यांची भूक वाढली, तृप्ती देणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी झालं आणि शरीर खर्च करत असलेली ऊर्जाही घटली.

मुंबईत सात वाजता जेवा असं मी सांगणार नाही. सातला तुम्ही अंधेरीला गर्दीत उभ्या असता. त्याऐवजी एवढं करा. सकाळी निघण्याआधी प्रथिनं असलेलं काहीतरी पोटात गेलं पाहिजे: दोन उकडलेली अंडी, किंवा मुगाची दोन धिरडी, किंवा रात्रीची उसळ आणि अर्धी भाकरी. दुपारच्या डब्यात चारऐवजी दोन पोळ्या, आणि सुटलेली जागा उसळीने भरा. चार पोळ्या आणि बटाट्याच्या भाजीतून जेमतेम 14 ग्रॅम प्रथिनं मिळतात. तुम्हाला दिवसाला 55 ते 60 ग्रॅमची गरज आहे. मूठभर, म्हणजे 50 ग्रॅम मूग भिजवून उसळ केली तर त्यातून 12 ग्रॅम मिळतात. बांगड्याच्या 100 ग्रॅममध्ये 19 च्या आसपास असतात, आणि बांगडा खाणाऱ्या घरात तो तळायचाच असतो असा नियम नाही. तिरफळं घालून केलेल्या आमटीत तो जास्त छान लागतो.

मग साडेपाचची डबी. या उत्तरातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. स्टीलची छोटी डबी, रात्रीच भरून पर्समध्ये ठेवायची: फुटाणे आणि त्यात थोडे शेंगदाणे, किंवा वाफवलेली मटकी, कांदा आणि लिंबू. सोबत एखादं पेरू किंवा सफरचंद. ऑफिसातून निघण्याआधी, बसून, चावून खायची. भूक लागायची वाट बघायची नाही. लोकलमध्ये फरसाणाची पिशवी फिरत आली तर तुमचा हात आपोआप थांबतो, कारण पोट शांत असतं. लालबागच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना मी सुरुवातीला फक्त ही डबी सांगितली होती, दुसरं काहीही नाही. पंधरवड्याने त्या आल्या आणि म्हणाल्या, "रात्री मी माझ्या नवऱ्याइतकी जेवायचे, आता आपोआप निम्मं जातंय."

रात्री घरी आल्यावर आधी एक वाटी ताक किंवा काकडी-टोमॅटोची कोशिंबीर घ्या, मग स्वयंपाकाला लागा. ताटात आधी घट्ट आमटी किंवा उसळ आणि भाजी संपवा, भाकरी किंवा भात शेवटी. या क्रमाने जेवलं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, आणि भातावर येईपर्यंत भूक बरीच शमलेली असते. भात सोडू नका. कोकणातल्या माणसाने भात सोडला की तो तीन महिन्यांनी दुप्पट भात घेऊन परत येतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता तो सल्ला मी कोणालाच देत नाही. एक लहान वाटी, शेवटी, निवांत.

तेलाचा हिशेब बहुतेक घरांत कोणी करत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी दिवसाला 38 ग्रॅमच्या आसपास तेल पोटात जातं. एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे 340 हून जास्त कॅलरी नुसत्या फोडणीच्या आणि तळणीच्या. तोच डबा दोन महिने पुरवला तर माणशी 20 ग्रॅमच्या आत येतं आणि रोजच्या जवळपास 170 कॅलरी वाचतात, कोणालाही उपाशी न ठेवता. डबा फोडाल त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख लिहा. बरणीतून धार धरायची बंद करा, चहाच्या चमच्याने मोजा. शेंगदाणा, सूर्यफूल, राइस ब्रॅन यांतलं कुठलं चांगलं यावर घराघरांत वाद होतात. वजनापुरतं म्हणाल तर कॅलरी सगळ्यांच्या सारख्याच असतात.

चहाही मोजा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे 40 ग्रॅम, 160 कॅलरी. महिनाभर अर्धा-अर्धा चमचा कमी करत या, जीभ सरावते. साखरेऐवजी गूळ घातला तर वजनाच्या दृष्टीने काही फरक पडत नाही.

आता लिंबू-मध. कोमट पाण्याने कोठा साफ होत असेल तर पाणी जरूर प्या. पण दोन चमचे मधाच्या 40 कॅलरी होतात आणि त्याने चरबी वितळत नाही. मधाला आयुर्वेदात लेखन, म्हणजे मेद खरवडणारा, म्हटलंय हे खरं. पण मध गरम करू नये, उष्ण पदार्थाबरोबर घेऊ नये असंही तिथेच स्पष्ट बजावलंय. एक वाक्य उचलायचं आणि दुसरं सोडायचं असं करू नये.

पावडरीबद्दल मात्र मला काळजी वाटते. बाजारात वजनासाठी मिळणाऱ्या पुष्कळ पावडरींत गार्सिनिया असतं. ते आपल्या कोकमाच्याच कुळातलं झाड. कोकमाची सोलं आमटीत घाला, सोलकढी प्या, काही हरकत नाही. पण त्याचा अर्क वजन उतरवतो का, हे 1998 साली अमेरिकेत 135 लोकांवर बारा आठवडे तपासलं गेलं, आणि अर्क घेणारे आणि खोटी गोळी घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. उलट गार्सिनियाच्या उत्पादनांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमच्या गुळवेलीबद्दलही हेच सांगते. ती वैद्याच्या सल्ल्याने, ठरावीक काळ घ्यायची वनस्पती आहे. कोरोनाच्या काळात लोकांनी ती महिनोन्‌महिने मनाने घेतली. 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, ओळखण्यात चूक होऊन दुसरी वेल वापरली गेली असेल असं म्हटलं. वाद काहीही असो, रुग्णाच्या यकृताला त्याचा उपयोग नाही.

याहून वाईट प्रकार भेसळीचा. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात 2011 साली बंद झालं, पण 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलेल्या स्लिमिंग उत्पादनांत ते छुपेपणाने सापडत राहिलंय. ज्या डब्यावर घटक, बॅच नंबर, उत्पादन परवाना नीट छापलेला नाही, आणि ज्याने पहिल्याच आठवड्यात भूक मरते, छाती धडधडते किंवा जुलाब होतात, तो टाकून द्या. तुमच्या पावडरीचा डबा अजून असेल तर त्याचा फोटो तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि यकृताची तपासणी करून घ्या. भूक एकदम गेली, लघवी गडद पिवळी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी जा.

उपासाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गुरुवार आणि संकष्टी असणारच. उपास चांगला, साबुदाणा नव्हे. 100 ग्रॅम साबुदाण्यात 350 कॅलरी आणि एक ग्रॅमही प्रथिनं नाहीत. त्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा पडला की बशीभर खिचडी सहज 500 कॅलरींवर जाते, आणि दोन तासांनी पुन्हा भूक. उपास करायचाच तर ताक, दूध, फळ, आणि एकदा वरीचे तांदूळ व दाण्याची पातळ आमटी, मोजून. मला वाटतं आपल्या आज्यांचा उपास असाच असायचा: संध्याकाळी लवकर सोडायचा, साधं जेवायचं, लवकर झोपायचं. बटाट्याचे वेफर्स आणि साबुदाणा वडे नंतर आले.

झोप. साडेपाच तास पुरत नाहीत. शिकागोमध्ये 2022 साली साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या लोकांना फक्त झोपेची वेळ सुधारायला मदत केली. आहाराबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यांची झोप सरासरी सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि रोजचं खाणं 270 कॅलरींनी आपोआप घटलं. कुठल्याही पावडरीने हे जमलेलं मला माहीत नाही. चरकाच्या त्याच अध्यायात स्थूल माणसाला जागरण सांगितलंय हे मला ठाऊक आहे. पण तिथे कारणांत दिवसा झोपणं आणि काळजी नसणं दिलंय. कांदिवली-फोर्ट करणाऱ्या बाईला या दोन्ही गोष्टी लागू नाहीत. तेव्हा रात्रीची भांडी सकाळवर ढकला, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी घासावीत. हे मी गंभीरपणे सांगते आहे. घरच्यांनी एक काम उचललं नाही तर बाईची झोप वाढत नाही.

चालण्यासाठी वेगळा वेळ काढायला सांगून तुमचा दिवस आणखी लांबवत नाही. सकाळी शेअर रिक्षा सोडून स्टेशनपर्यंत चालत जा, चर्चगेटहून ऑफिसपर्यंतही. जाता-येता मिळून चाळीस-पन्नास मिनिटं झाली तर आठवड्याच्या 150 मिनिटांचं लक्ष्य सहज पार होतं. पावसाळ्यात इमारतीचे जिने. पण चालण्याइतकंच स्नायू राखणं गरजेचं आहे, कारण चाळिशीनंतर नुसतं कमी खाऊन उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात, आणि मग परत आलेलं वजन बहुतेक चरबीचंच असतं. तुमचे पाच किलो परत आले त्यात हेच झालं असण्याची शक्यता आहे. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात टेकून दहा दंड, जमतील तेवढे सूर्यनमस्कार. आठवड्यातून तीन दिवस, पोळीचा तवा तापेपर्यंतही सुरुवात होते. गुडघे दुखत असतील तर सूर्यनमस्कार सोडा, बाकीचं करा.

हे सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या: टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), यकृताच्या चाचण्या, हिमोग्लोबिन, बी12. थायरॉइड मंद असेल तर त्याची गोळी नैसर्गिक नाही म्हणून टाळू नका. पाळी अनियमित असेल, घोरणं जास्त असेल, दिवसा झोप अनावर होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि वजनाची नवी इंजेक्शनं, जी 2025 पासून आपल्याकडे मिळायला लागली आहेत, त्यांना मी शत्रू मानत नाही. बीएमआय 30 च्या वर आणि साखर वाढलेली असेल तर काही जणांना त्यांची गरज पडते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची, आणि प्रथिनं-व्यायाम तेव्हाही लागतातच. तुम्ही सहा महिने वर सांगितलेलं करून बघा, मग तो निर्णय घ्या.

आता मुलीबद्दल. मला तुमच्या प्रश्नातली ही ओळ सगळ्यात जास्त खटकली. चौदाव्या वर्षी मुलीची वाढ सुरू असते, हाडं भरत असतात, पाळीमुळे लोहाची गरज वाढलेली असते. तिने रात्रीचं जेवण टाळायचं नाही. तिला समजावत बसू नका. आजपासून तुम्ही तिच्याबरोबर जेवायला बसा. तुमच्या ताटात आणि तिच्या ताटात तेच पदार्थ असू देत, तिची भाकरी एखादी जास्त. तिच्यासमोर काट्यावर उभं राहणं, "माझं पोट किती सुटलंय" म्हणणं, तिच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जाडीवर बोलणं बंद करा. घरातल्या आत्या-मावश्यांनाही सांगा. ती जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाते का, डबा परत आणते का, घास मोजते का, पाळी लांबली आहे का, इकडे महिनाभर लक्ष ठेवा. यातलं काही दिसलं तर रागावू नका, तिला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. गरज पडली तर ते मानसोपचारतज्ज्ञांचं नाव सुचवतील. साडेपाचची डबी भरताना एक तिच्यासाठीही भरा, क्लासला जाताना लागते.